आयत्या वेळचा विषय

सभेचं इतिवृत्त लिहिणारी माणसं सातारा-सांगलीकडे पैशाला पासरी मिळतील, पण इतिवृत्तात कायमचा मुक्काम ठोकलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या संशोधक विद्यार्थी मंडळाचे सचिव. बाकीचे लोक घरी राहतात आणि नाइलाजाने सभेला जातात. आमचे सचिव सभेत राहायचे आणि नाइलाजाने घरी जायचे. त्यांना नाव होतं, ते त्यांच्या पीएच.डी.च्या नोंदणीपत्रावर छापलेलंही होतं, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नाही. कँटीनवाला विचारायचा, "सचिव, चहात साखर किती?" त्यांचे मार्गदर्शक विचारायचे, "सचिव, पाचवं प्रकरण कधी?" आणि दोघांनाही ते "बघूया की" असं एकच उत्तर द्यायचे. वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात सांगलीतल्या आमच्या संशोधन केंद्राच्या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर राज्य करायचे. खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत इतिवृत्ताची जाडजूड वही, शाईचं पॅड, फूटपट्टी आणि मंडळाचा रबरी शिक्का. शिक्का मात्र प्रवासात शर्टाच्या खिशात असायचा. एस्टीत बॅग चोरीला जाऊ शकते, असं त्यांचं म्हणणं.

या मंडळाच्या कार्यकारिणीवर मी सहसचिव कशी झाले, याचं खरं कारण बटाटेवडा आहे. वार्षिक सभेनंतर बटाटेवडा आहे असं कळल्यामुळे मी सभा संपायच्या बेताने, म्हणजे अगदी शहाण्या माणसाच्या वेळेला, जिना चढत होते. वर पोचले तर सचिव वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "या ताई, अभिनंदन. सहसचिवपदी तुमची सर्वानुमते निवड झाली." मी म्हटलं, अहो, मी तर आत्ता येतेय. "व्हय की. तुमी जिन्यात हुता तवाच अनुमोदन झालं." मी नाही म्हणून पाहिलं. तर राजीनाम्यासाठी एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते आणि ती स्वीकारण्याचा अधिकार कार्यकारिणीच्या सभेला असतो, असा नियम त्यांनी पान उघडून दाखवला. तो नियम कुणी केला, हे मी विचारलं नाही. वडा थंड होत होता.

सचिवांची लेखणी आणि जीभ या दोन वेगळ्या गावच्या होत्या. बोलताना ते आटपाडीकडचं रांगडं बोलायचे आणि लिहायला बसले की "उपरोक्त विषयास अनुलक्षून सविनय निवेदन" अशी गंगा वाहायला लागायची. सभेची नोटीस सात दिवस आधी मिळालीच पाहिजे हा त्यांचा कुळाचार. ते आणि मी एकाच टेबलावर समोरासमोर बसून काम करायचो, तरी ते नोटीस घडी घालून, पाकिटात घालून, टेबलाला वळसा घालून माझ्याकडे यायचे, पोच म्हणून सही घ्यायचे आणि पुन्हा वळसा घालून आपल्या जागी जाऊन बसायचे. एकदा मी म्हटलं, सचिव, सरळ हात लांब केलात तरी चाललं असतं. त्यावर ते म्हणाले, "हात लांब करून दिल्याली ती चिठ्ठी. चालत जाऊन दिल्याली ती नोटीस." मोबाइलवर मंडळाचा ग्रुप होता, पण त्यावर ते फक्त एकच मजकूर टाकत: "नोटीस लावली आहे. प्रत्यक्ष येऊन वाचावी."

वाचनालयातला पंखा बंद पडला, ती हकिगत सांगितल्याशिवाय हे पुराण पुढे सरकणार नाही. मार्चमध्ये पंखा गेला. सचिवांनी कार्यालयाला सहा पत्रं लिहिली, आणि सहावं पत्र बव्हंशी आधीच्या पाच पत्रांचे जावक क्रमांक सांगण्यातच संपलं. वैशाख आला. सांगलीतला वैशाख म्हणजे काय ते ज्याने सोसलाय त्याला सांगायला नको. शेवटी कार्यकारिणीवरच्या आमच्या आष्टेकराने घरचा टेबलफॅन उचलून आणला. हा आष्टेकर म्हणजे आष्ट्याचा रसायनशास्त्रवाला, मोठ्या आवाजाचा आणि त्याहून मोठ्या मनाचा. सचिवांनी पंख्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ह्यो कुठल्या ठरावानं आला?"

"एस्टीनं आला," आष्टेकर म्हणाला.

झालं. पंखा स्वीकारण्यासाठी खास सभा, तिची सात दिवसांची नोटीस, आणि ते सात दिवस पंखा खोक्यात, आम्ही वहीने वारा घेत बाहेर. सभेच्या दिवशीसुद्धा ठराव मंजूर होईपर्यंत वायर लावू दिली नाही. अध्यक्षांच्या घामाचा थेंब सहीवर पडून शाई पसरली, म्हणून सही पुन्हा घेतली. आमचे अध्यक्ष कोयनानगरचे, भूकंपाच्या हादऱ्यांत वाढलेले; टेबल हललं तर आधी चहाचा कप धरायचा आणि मग विचार करायचा, एवढं एकच तत्त्व त्यांना ठाऊक. ते मुकाट सही करत गेले. शेवटी पंखा सुरू झाला आणि पहिल्याच झोताने विषयपत्रिका खिडकीबाहेर उडाली. सचिव तिच्यामागे जिना उतरून धावले. त्या पाच मिनिटांत आम्ही जितकं सुखी होतो तितकं संशोधनाच्या काळात पुन्हा झालो नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते एकदा त्यांनीच सांगितलं. घराणं धनगराचं, पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागे हिंडलेलं. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. "ग्रामसभा झाली म्हनून आमच्या आबाचा अंगठा घिऊन गेले. कशाला, काय, कुनी वाचून दावलं न्हाई. तीन महिन्यांनी मेंढरं घिऊन गेलो तर गायरानातली वाट बंद. इचारलं तर म्हनले, तुज्याच बापानं ठरावाला अंगठा दिलाय. आबा घरी येऊन अंगठ्याकडंच बघत बसला." एवढं सांगून त्यांनी फूटपट्टी घेतली आणि वहीत एक रेघ मारली, जिची काही गरज नव्हती. त्यांच्या प्रबंधाचा विषयही तोच, मेंढपाळांच्या चराईच्या वाटा. चार प्रकरणं झाली होती. पाचवं अडलं होतं. माझ्या प्रबंधाचा विषय मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी वापरतात तो भोपळा, आणि चार वर्षांनंतर माझी प्रगतीही तेवढीच होती, त्यामुळे त्यांना काही बोलायचा अधिकार मला नव्हता. तरी मी बोलायची. सचिव, तुम्ही पाचवं प्रकरण विषयपत्रिकेवर घ्या, म्हणजे तरी पुढं सरकेल, असं मी त्यांना चारचौघांत म्हटलेलं आहे. सगळे हसले होते. तेही हसले होते.

आता पाचवं प्रकरण का अडलं होतं, ते सांगते. आमच्या केंद्रात पीएच.डी.ची मुदत संपत आली की मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. पूर्वी तो मंजूर होणं न होणं मार्गदर्शकांच्या मर्जीवर असायचं. सचिवांनी दोन वर्षं पत्रापत्री करून नियम बदलून घेतला: अर्जासोबत मंडळाच्या ठरावाची शिफारस जोडली तर तो अर्ज समितीपुढे जायलाच हवा, कुणी परस्पर फेटाळायचा नाही. नियम झाला आणि वाचनालयाच्या खिडकीशी रांग लागली. कारण शिफारस मिळाली तरी अर्ज लिहायचा कुणी? कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं मार्गदर्शकांशी वाजलेलं. सचिव आपली प्रकरणाची वही बाजूला सारायचे आणि समोरच्याचा अर्ज लिहायला घ्यायचे. माझी आई तीन महिने दवाखान्यात होती आणि माझी मुदत तेव्हाच संपत होती. अर्ज लिहायला बसलं की मला रडू फुटायचं. सचिवांनी साक्षीदाराला विचारावेत तसे प्रश्न विचारले. तारीख काय, वार्डात कोण थांबायचं, प्रयोगशाळेत शेवटचं कधी आलात. मग एक पान लिहून पुढे सरकवलं. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आपल्यावर खरंच काहीतरी मोठं येऊन गेलं. मी आभार मानायला लागले, तर म्हणाले, "आभार ऱ्हाऊद्या ताई. पोचंवर सही करा."

आणि त्यानंतरही मी त्यांची टिंगल करतच राहिले. कृतज्ञता आणि जीभ यांचा माझ्याकडे कधीच मेळ बसला नाही.

मग तो शुक्रवार आला. त्या दिवशी चार वाजता आमची मासिक सभा होती. मी साडेतीनला जिन्याखालच्या फलकाशी थांबले, तर तिथे यादी लागलेली: या विद्यार्थ्यांची मुदत संपली असून आज पाच वाजेपर्यंत मुदतवाढीचा अर्ज न आल्यास नोंदणी रद्द होईल. यादीत एकच नाव. दोनदा वाचल्यावर मला उमगलं की हे आपल्या सचिवांचं नाव आहे. नोंदणी रद्द म्हणजे चारही प्रकरणं रद्दीत, आणि वाटेवरून मेंढरांमागे पायी हिंडून गोळा केलेली सगळी माहिती त्यांच्याबरोबर.

मी वर धावले. सचिव शांतपणे फूटपट्टीने हजेरीचे रकाने आखत होते. मी ओरडलेच. तुम्हाला माहीत होतं का हे? "व्हय. महिन्याभरापास्नं." मग अर्ज? शिफारस? "सचिवानं सवताच्या नावाचा विषय सवता विषयपत्रिकेवर घालायचा? कसं दिसतंय ते?" मी म्हटलं, नोंदणी रद्द झाल्यावर फार छान दिसेल. ते पुढचा रकाना आखायला लागले. जन्मात पहिल्यांदा त्यांची रेघ वाकडी आली होती.

चार वाजता सभा भरली. कार्यकारिणी कागदावर सात जणांची, पण एक नोकरी लागून पुण्याला, एक बाळंतपणाला कराडला, आणि सातव्याला आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे हजर चौघे, अध्यक्ष, सचिव, आष्टेकर आणि मी. आणि गणपूर्तीला, म्हणजे सभा कायदेशीर धरायला, लागतात चारच. विषयपत्रिकेच्या तळाशी नेहमीचा शेवटचा विषय होता: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. मी उभी राहिले आणि म्हटलं, आयत्या वेळचा विषय, सचिवांच्या मुदतवाढीची शिफारस. अध्यक्षांनी मान हलवली. आष्टेकर म्हणाला, "मंजूर मंजूर! लिवा लवकर." आणि सचिव उठून उभे राहिले, खुर्ची आत सारली आणि चालू लागले.

"कुठं निघालात?"

"नियम एकोणीस. सवताचा विषय आला की सभासदानं सभागृहाभाईर जायचं." ते व्हरांड्यात गेले. मग खिडकीच्या गजांआड त्यांचा चेहरा उगवला. "अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा हाय. आत तीनच सभासद हायत. गणपूर्ती मोडली."

"मग आत या की," अध्यक्ष म्हणाले.

"आत आलो तर नियम एकोणीस मोडतोय."

"बाहेरच राहा मग."

"भाईर ऱ्हायलो तर नियम अकरा मोडतोय."

"आवं सचिव," आष्टेकर कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमी उंबऱ्यावर बसा गड्या. निम्मं आत, निम्मं भाईर."

सचिवांनी या सूचनेवर गंभीरपणे विचार केला, हे मी शपथेवर सांगते. मग त्यांनी मान हलवली. "सभा तहकूब करावी लागंल." घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ज्या माणसासाठी आम्ही जीव टाकत होतो तोच माणूस खिडकीत उभा राहून आपल्याच गळ्याला फास आवळत होता, आणि गाठ नियमाप्रमाणे बसली की नाही तेही बघत होता. मला इतका राग आला की मी हातातल्या नोटिशीचा बोळा करायला घेतला. तेवढ्यात तिच्या तळाची टीप दिसली. आमच्याकडे दूध संस्थेपासून साखर कारखान्यापर्यंत प्रत्येक सभेच्या नोटिशीखाली ही टीप असते आणि ती आजवर कुणी वाचलेली नसते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. अर्ध्या तासाने म्हणजे चार पन्नासला. दहा मिनिटं हातात.

मी खिडकीशी गेले. तुम्हाला ही टीप ठाऊक होती? "मीच लिवल्याली हाय." मग बोलला का नाहीत? ते खाली बघत म्हणाले, "माज्या फायद्याचं मीच कसं सांगू ताई?"

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. व्हरांड्यात सचिव पाठमोरे उभे होते. बिनओळीच्या कागदावर त्यांचा अर्ज आम्हीच लिहिला, आणि त्यांनी वाचून न बघता त्यावर सही केली, हेही प्रथमच. चार पन्नासला अध्यक्षांनी सभा सुरू केली आणि इतिवृत्ताची वही माझ्यापुढे आली, कारण सचिवांना स्वतःबद्दल लिहिता येत नव्हतं. ज्या वहीची मी इतकी वर्षं थट्टा केली, तिच्यात पहिल्यांदाच मी लिहीत होते. शब्दांची गंगा मला येत नव्हती. मी साधं लिहिलं: "सचिवांनी आजवर आम्हा सगळ्यांचे अर्ज लिहिले. स्वतःचा लिहिला नाही. त्यांचं काम मागे राहिलं ते आळसामुळे नव्हे, आमच्यामुळे. त्यांना मुदतवाढ मिळावी अशी मंडळ विनंती करते."

"विनंती न्हाई, शिफारस!" व्हरांड्यातून आवाज आला. आणि लगेच त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. मी 'विनंती' खोडून 'शिफारस' केलं. सूचक मी, अनुमोदक आष्टेकर. ठरावाची नक्कल काढली आणि आष्टेकर कागद घेऊन धावत सुटला. तो अंगणात पोचतो न पोचतो तोच सचिव कठड्यावरून वाकून ओरडले, "आरं शिक्का! शिक्का ऱ्हायला!" आणि नियम एकोणीस, नियम अकरा सगळं विसरून त्यांनी खिशातला शिक्का वरून खाली फेकला. आष्टेकराने तो छातीवर झेलला. कारकुनाने कार्यालयाचं दार ओढून घेतलेलं होतं, कुलूप हातात होतं. आष्टेकराने त्याच दाराला कागद टेकवून, शिक्क्यावर उरलेल्या शाईनेच शिक्का मारला आणि पोच घेतली. तो वर आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवत होतो. सचिवांनी पोच उजेडात धरून वाचली, घडी केली, शिक्क्याच्या जागी खिशात ठेवली आणि म्हणाले, "सभा संपल्याची येळ लिवा ताई." समितीने पुढच्याच आठवड्यात मुदतवाढ दिली.

पुढच्या महिन्यात पुन्हा सभा भरली. पहिला विषय कायमचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सचिव ते खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता वाचत, आणि वाचून झालं की बजावत: एकदा कायम झालेल्या इतिवृत्ताला ब्रह्मदेवानेसुद्धा हात लावायचा नाही. त्या दिवशीही ते वाचत गेले. "सचिवांनी आजवर आम्हा सगळ्यांचे अर्ज लिहिले. स्वतःचा लिहिला नाही." इथे ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकदम, "त्यांना मुदतवाढ मिळावी अशी मंडळ शिफारस करते." मधलं वाक्य त्यांनी गाळलं होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी आष्टेकराकडे. कुणीच हरकत घेतली नाही. इतिवृत्त कायम झालं.

त्यानंतर सचिवांनी रांगेच्या खिडकीकडे पाठ करून पाचवं प्रकरण लिहायला सुरुवात केली आणि लोकांचे अर्ज मी लिहायला लागले, वाईट लिहिले पण लिहिले. वर्षभराने त्यांचा प्रबंध सादर झाला. सादर झाला त्या दिवशी त्यांचं सभासदत्व संपलं, कारण तसा नियम होता आणि तो कुणी केला हे आता सांगायला नको. मी अभिनंदनाचा ठराव मांडायला गेले तर म्हणाले, "सात दिवसांची नोटीस कुठाय?" वही, पॅड, फूटपट्टी, शिक्का सगळं माझ्या टेबलावर मांडलं, पोच घेतली, आणि संध्याकाळच्या एस्टीने गावाकडे गेले. आता तिकडेच एका कॉलेजात असतात. ग्रामसभेत प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कुणाला सही करू देत नाहीत म्हणे. गाव वैतागलंय. मला ते ऐकून बरं वाटलं.

आमच्या सभा आता वीस मिनिटांत उरकतात. नोटीस ग्रुपवर जाते. कुणी टेबलाला वळसा घालून येत नाही, आणि कधी कधी मी उगीचच मान वर करून बघते. परवा एक मुलगी मुदतवाढीचा अर्ज घेऊन आली. नमुना दाखवावा म्हणून मी जुनी वही काढली, तर नेमकं ते पान उघडलं. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरातलं ते वाक्य, जे त्यांनी वाचलं नव्हतं: "त्यांचं काम मागे राहिलं ते आळसामुळे नव्हे, आमच्यामुळे." त्यातल्या 'आमच्यामुळे'वर फूटपट्टीने सरळ रेघ मारलेली होती. वर बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं होतं: 'स्वखुशीने'. शेजारी सही आणि तारीख. तारीख ते गेले त्या दिवसाची.

कायम झालेल्या इतिवृत्तात केलेली ही दुरुस्ती संपूर्णपणे नियमबाह्य आहे. मी अजून हरकत घेतलेली नाही.